पांढऱ्या लुगड्याची पत

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका लागतो. नाका म्हणजे माल थांबवून जकात घेण्याचे ठिकाण. गावाच्या नावातच सीमा आहे. अलीकडे मराठवाडा, पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. याच रस्त्याने शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास जाणारी कुटुंबे एका दिशेने जातात आणि औंढा नागनाथाचे यात्रेकरू दुसऱ्या दिशेने. औंढ्याच्या मंदिराचे खालचे कोरीव काम यादवकाळातले आहे. वरचा जीर्णोद्धार इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी केला, असे या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. डोक्यावरून पदर घेतलेली, पांढरे लुगडे नेसलेली, हातात शिवलिंग धरलेली ती मूर्ती कोणास ठाऊक नाही? परंतु त्या पांढऱ्या लुगड्याचा विचार करायचा, तर वाट देवळातून नव्हे, कापडबाजारातून काढावी लागते.

वाशीम हे मराठेशाहीत कापडासाठी नावाजलेले गाव होते. १७६९ साली थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात कनकापूर येथे तह झाला. त्या तहाच्या मोठ्या रकमांच्या कलमांबरोबर एक लहानसे कलम आहे: वाशीम व बाळापूर येथे विणलेले ५,००० रुपयांचे कापड जानोजींनी दरसाल पेशव्यांस पाठवावे. दोन सत्ता लढाईतून उठून समेटाला बसल्या आणि त्यांनी कापडाचा हिशेब लिहून घेतला, याचे आज नवल वाटेल. तेव्हाच्या कारभाऱ्याला ते वाटले नसते. त्या राज्यव्यवहारात कापड ही केवळ नेसण्याची वस्तू नव्हती. पेशव्याला पेशवाईची ‘वस्त्रे’ साताऱ्याहून मिळत, सरदाराला सुभेदारीची वस्त्रे पुण्याहून. सनद कागदावर असे. परंतु दरबारात चारचौघांच्या देखत वस्त्रे मिळाली, म्हणजे अधिकार मिळाला. लग्नकार्य, तह, विजय, सांत्वन, प्रत्येक प्रसंगी पोशाख आणि शिरपाव निघे. सरकारवाड्यातील जामदारखाना म्हणूनच खजिन्याइतका जपला जाई.

ही वस्त्रे पुरुषांची. राजस्त्रीला अधिकाराची वस्त्रे नव्हती. तिच्या अंगावरचे पैठणचे जरीकाम, नथ, चिंचपेटी हे सारे पतीच्या दर्जाचे प्रदर्शन होते. पती मोठा, म्हणून तिचा पदर भरजरी. पती गेला की तो पदर उतरे. राणीची लोकांसमोरची प्रतिमा अशी दुसऱ्याच्या आयुष्यावर उभी होती. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ते कर्ज दुसऱ्याच्या हमीवर होते आणि हमीदार गेला की खाते बंद होई.

अहिल्याबाईंचे खाते बंद व्हावयास हवे होते ते १७५४ साली. त्या वर्षी कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर पडले. जामखेडजवळच्या चौंडी गावात १७२५ साली जन्मलेली ही स्त्री तेव्हा तिशीच्याही आत होती. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव आडवे आले आणि म्हातारपणाचा आधार म्हणून त्यांनी सुनेला थांबविले. १७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ साली पुत्र मालेराव गेला. तेथून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, होळकरांची दौलत अहिल्याबाईंनी चालविली. सुभेदारीची वस्त्रे आणि फौज तुकोजी होळकरांकडे. वसुली, न्याय, तिजोरी आणि शेवटचा शब्द महेश्वरला. ज्या वेषाचा समाजाने लावलेला अर्थ ‘हिचा संसार संपला’ असा होता, तो वेष धारण केलेल्या स्त्रीने हे कसे साधले?

या संदर्भात सर जॉन माल्कम याचे लेखन महत्त्वाचे ठरते. हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला तो बाईंच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांनी. त्याने त्यांना पाहिले नव्हते, परंतु पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारून त्याने १८२३ च्या आपल्या माळव्यावरील ग्रंथात जे नमूद केले, त्यात वेषभूषेचाही तपशील आहे. मध्यम उंची, अंगाने अतिशय सडपातळ, वर्ण सावळा. वैधव्यानंतर रंगीत वस्त्र कधी नेसल्या नाहीत. गळ्यात एक लहानशी माळ सोडली, तर दागिना नाही. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, दानधर्म, मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. त्यांच्या जातीत मांसाहाराला मज्जाव नव्हता, तरी त्यांनी तो स्वतः होऊन वर्ज्य केला होता. जैन घरात या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. रूढीने पाळलेला नियम आणि स्वतः घेतलेला नियम यांतला भेद तेथे सर्वांना कळतो.

माल्कमनेच एक गोष्ट सांगितली आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपवती म्हणून प्रसिद्ध होत्या. अहिल्याबाईंची कीर्ती सतत कानांवर येऊ लागली, तेव्हा ही बाई दिसते तरी कशी हे पाहण्यास त्यांनी आपली एक दासी पाठविली. दासी परत येऊन म्हणाली की, रूप काही नाही, परंतु मुद्रेवर दैवी तेज आहे. त्यावर आनंदीबाईंनी तेवढेच उचलले: म्हणजे सुंदर नाहीच ना! गोष्ट खरी असो वा रचलेली, लोकांच्या मनात दोन प्रकारच्या राजस्त्रियांची तुलना चालू होती, याचा हा पुरावा आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘ध’ चा ‘मा’ केल्याचा ठपका लोकांनी आनंदीबाईंवर ठेवला. त्याला सबळ कागद नाही. तरीही नाव कायमचे डागाळले. पत मिळविण्यास आयुष्य लागते आणि बुडण्यास एक अक्षर पुरते, हे पेढीवर बसणाऱ्यांस ठाऊकच असते.

येथे थोडे दूर, थेट पॅरिसला जावे लागेल. कारण त्याच काळात तेथेही एका राणीच्या पांढऱ्या वस्त्राची चर्चा चालली होती. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याची राणी मारी आंत्वानेत प्रथम बदनाम झाली ती उधळपट्टीसाठी. तिचे उंच केशसंभार, रोझ बेर्तां या पोशाखवालीची तिच्याकडे सततची ये-जा, रेशमी झग्यांचा खर्च, हे सारे टवाळीचे विषय होते. पुढे ती साधेपणाकडे वळली. १७८३ साली पॅरिसच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात एलिझाबेथ विजे ल ब्रं या चित्रकर्तीने काढलेले तिचे चित्र लागले: अंगात पातळ पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवताची टोपी, अंगावर हिरे नाहीत. लोकांनी वाखाणायला हवे होते. झाले उलटेच. राणी अंतर्वस्त्रांत चित्राला बसली, असा गवगवा झाला आणि चित्र काढून घ्यावे लागले. त्याच्या जागी लगोलग दुसरे आले. त्यात राणीच्या हातात गुलाबाचे फूल तेच, वस्त्र मात्र रेशमी.

या ओरडीच्या मागे शालीनतेइतकाच बाजारही होता. लियों शहराचे माग राजदरबाराच्या रेशमावर चालत. राणीने मलमल नेसली की सरदारांच्या बायका मलमल मागणार आणि रेशमाचा गिऱ्हाईक तुटणार. शिवाय मलमल हे मुळात हिंदुस्थानचे कापड, समुद्रापलीकडच्या व्यापारातून येणारे. तेव्हा स्वदेशीचे विणकर मारून परक्याचे घर भरते, हाही आरोप आला. म्हणजे खर्च केला तरी दोष आणि न केला तरी दोष. त्या राणीची पतच उरली नव्हती. मग वस्त्र कोणते का असेना, लोक त्यातून वाईटच वाचीत. १७९३ च्या ऑक्टोबरात तिला वधस्तंभाकडे नेले, तेव्हाही तिच्या अंगावर पांढराच झगा होता.

त्याच १७८३ साली महेश्वरच्या घाटावर पांढऱ्या वस्त्रातील बाई पूज्य ठरत होत्या. रंग एक, कापूसही एकाच खंडाचा म्हणावा. अर्थ मात्र टोकाचे. वेषाच्या मागे उभा असलेला व्यवहार पाहिल्यावाचून हा फरक उलगडत नाही.

पहिली बाब तिजोरीची. होळकरांच्या घरी खासगी आणि दौलत अशी दोन निराळी खाती होती. ‘खासगी’ हे मूळ मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांचे. १७३४ साली पेशव्यांनी त्यांच्या नावे स्वतंत्र उत्पन्न लावून दिले होते. वारशाने ते सुनेकडे आले. काशी, गया, सोमनाथ, द्वारका, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्री मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळांसाठी जो पैसा गेला, तो प्रामुख्याने या खासगीतून. राज्याच्या महसुलाची सरमिसळ त्यात होऊ द्यायची नाही, असा कटाक्ष होता. फौजेच्या खर्चासाठी तुकोजींची मागणी आली की बाई जुना हिशेब मागत आणि यावरून दोघांत खटके उडत. अंगावर दागिना नसलेल्या मालकिणीने हिशेब मागितला, तर देणाऱ्याला प्रतिप्रश्न करता येत नाही, हे पांढऱ्या लुगड्याचे बळ होते. ते वस्त्र त्यांच्या ताळेबंदाशी जुळत होते.

दुसरी बाब अधिक बोलकी आहे आणि व्यापारी घरांना जवळची. इंदूरचा एक धनाढ्य साहुकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकर फौजेनिशी गावाजवळच तळ देऊन होते. बेवारस धनावर सरकारचा हक्क, या जुन्या समजुतीने त्यांची नजर त्या मालमत्तेवर गेली. साहुकाराची विधवा इंदुराहून निघाली आणि महेश्वरला जाऊन तिने बाईंपुढे गाऱ्हाणे मांडले. अहिल्याबाईंनी ते ऐकून घेतले आणि त्या विधवेला वस्त्रे दिली. पतीच्या घराची व धनाची ही एकटी मालकीण, अशी ती मान्यता होती. तुकोजींना हुकूम गेला की, तळ उठवून इंदूरपासून दूर जावे आणि शहराला अशा मागण्यांचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तो पाळला.

सरदारांना मिळावयाची वस्त्रे एका विधवेला मिळाली आणि तीही दुसऱ्या विधवेच्या हातून! वैधव्याने ज्या दोघींची रंगीत वस्त्रे उतरविली होती, त्यांच्यात हा वस्त्रांचा व्यवहार झाला. त्या काळी विधवेचे वस्त्र म्हणजे मालमत्तेवरचा हक्क सुटल्याची निशाणी होती. या एका प्रसंगात वस्त्राने तो हक्क परत दिला. अहिल्याबाईंच्या अनेक चरित्रांत मंदिरांच्या याद्या पानेच्या पाने भरतात आणि ही हकीकत दोन ओळींत उरकली जाते. खरे तर माळव्यातील पेढ्या ज्या विश्वासाने महेश्वरकडे पाहू लागल्या, त्याचे मूळ अशाच निवाड्यांत शोधावे लागेल. मालक गेल्यावर पेढी लुटली जाणार नाही, ही खात्री ज्या राज्यात असते, तेथे भांडवल टिकते.

तिसरी बाब मागांची. बाई स्वतः साधे नेसत; परंतु महेश्वर त्यांनी विणकरांचे गाव केले. सुरत, बुऱ्हाणपूर अशा ठिकाणांहून कारागीर आणून वसविल्याची परंपरा आजही तेथे सांगितली जाते. दरबारी पाहुण्यांना देण्यासाठी नऊवारी लुगडी आणि पागोटी तेथे विणली जात. स्वतःच्या अंगावर जे वर्ज्य केले, ते दुसऱ्याच्या अंगावर घालण्यासाठी आपल्याच गावात तयार करून घेतले. लियोंच्या विणकरांची फ्रान्सच्या राणीविषयीची तक्रार महेश्वरच्या विणकरांना करता आली नसती. कारण येथे मालकिणीच्या साधेपणामुळे मागाचे एकही काम बुडत नव्हते. जामदारखान्याची मागणी कायम होती.

आपल्या प्रतिमेविषयी त्या किती सावध होत्या, हे आणखी दोन गोष्टींवरून दिसते. महेश्वरच्या टांकसाळीच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान आहे. नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. स्वतःचे नाव नाही. राजाज्ञांवर सही ‘श्रीशंकर’ अशी होई. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकावयास लावला. कवीला काही मिळाले नाही. यात विनय होताच. पण भाटांना बिदागी मिळाली की कवींची रांग लागते, हा कारभाराचा हिशेबही असावा.

वैधव्याचा वेष सर्वत्र पांढराच होता, असे मात्र समजू नये. पुण्याकडे ब्राह्मण विधवांना तांबडे आलवण नेसावे लागे. युरोपात फ्रान्सच्या राण्या शोकात पांढरे नेसत. कॅथरीन द मेदिची हिने १५५९ मध्ये पती दुसरा हेन्री वारल्यावर काळे निवडले आणि १५८९ मध्ये मरेपर्यंत, पुत्रांच्या नावाने राज्याचे सूत्र हाती ठेवून, ते सोडले नाही. रंग कोणताही असो, पतीनिष्ठेची ती सततची जाहिरात स्त्रीच्या सत्तेला ढालीसारखी उपयोगी पडे.

शिंद्यांच्या बायजाबाईंचे उदाहरण तर डोळ्यांपुढे उभे राहावे इतके स्पष्ट आहे. कागलच्या घाटग्यांची ही कन्या १७९८ साली दौलतराव शिंद्यांस दिली. १८२७ साली दौलतराव वारले आणि पुढे १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार तिने पाहिला. मग दत्तकपुत्राशी बिनसून तिला ग्वाल्हेर सोडावे लागले. १८३५ साली फत्तेगड येथे फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासिनी तिला भेटली. तिने लिहून ठेवलेल्या वर्णनात बायजाबाईंच्या अंगावर अगदी साधे तांबडे रेशमी वस्त्र आहे, हातात सोन्याच्या दोन बारीक साध्या कांबी, इतर दागिना नाही. आणि गादीवर पायांशी शिंद्यांची तलवार ठेवलेली आहे. राज्य गेले होते, तरी ती तलवार तेथे कोणी सहज विसरलेली नव्हती. याच बाईंच्या पेढ्या उज्जैनला व बनारसला चालत आणि कंपनी सरकारलाही त्यांच्या भांडवलाची गरज पडली होती. मराठी वाचकांना बायजाबाई फारशा ठाऊक नाहीत, हे आश्चर्य आहे. पेढी चालविणाऱ्या राणीला आरतीत जागा नसते, एवढेच त्याचे कारण दिसते.

अहिल्याबाईंच्या बाबतीत जे घडले, ते काहीसे उलटे. पांढऱ्या लुगड्याने त्यांना जयंतीच्या मिरवणुकीत आणि चौकातील पुतळ्यात अमर केले, परंतु हिशेब मागणारी, सरदाराला तळ हलवावयास लावणारी मालकीण त्या पदराआड झाकली गेली. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्याआधी अहमदनगर जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. सर्वत्र लागलेल्या चित्रांत हातात शिवलिंग होते. खतावणी कोणत्याही चित्रकाराने दिली नाही.

आणि हा प्रश्न केवळ राण्यांचा राहिलेला नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत अनेक व्यापारी घरांत धनी गेला की घरातील बाईचे लुगडे बदले आणि त्याच आठवड्यात तिजोरीची किल्ली दिराच्या वा पुतण्याच्या कमरेला जाई. आर्यिका व साध्वी यांचे शुभ्र वस्त्र हे स्वतः घेतलेल्या व्रताचे असते. दीक्षा घेणारी स्त्री सर्वांसमक्ष, स्वमुखाने ते मागते. विधवेला ते कोणी विचारून दिले नव्हते. दोन्ही पांढरी दिसत, म्हणून दोन्हींना एकच मान आहे, अशी समजूत करून घेणे घरच्या पुरुषांना सोयीचे होते. आता रंगाची सक्ती बहुतेक ठिकाणी गेली आहे. भागीदारीच्या दस्तात तिचे नाव आले की नाही, जीएसटीच्या नोंदणीवर सही कोणाची, बँकेच्या खात्यात नामनिर्देशन आहे की नाही, हे मात्र घरोघरी वेगवेगळे आढळते. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही. ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, हेही पुष्कळ घरांत वेळ आल्यावरच कळते.

महेश्वरचे माग विसाव्या शतकात मंदावले होते. १९७० च्या दशकाअखेर होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढून स्थानिक स्त्रियांना मागावर बसविले आणि धंदा पुन्हा उभा राहिला. आज महेश्वरी साडी मराठवाड्या-वऱ्हाडातल्या दुकानांतूनही मागितली जाते. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. काठावर किल्ल्याच्या दगडांवरून उचललेली वीट, चटाई, लाट यांची नक्षी. काठ दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने ती उलटसुलट कशीही नेसता येते, हे विक्रेता प्रथम दाखवितो. पदरावर पाच पट्टे असतात. तीन रंगीत आणि दोन पांढरे.